साडेचार मिनिटांची वाट

मॅरेथॉनच्या इतिहासाची पाने चाळली तर त्यांत प्रामुख्याने दोन गोष्टी आढळतात : वेळ आणि क्रमांक. कोण किती वेळात धावला आणि कितवा आला, एवढे सांगून नोंद थांबते. शर्यत संपल्यानंतर धावपटूंनी एकमेकांकडे कसे पाहिले, हे त्या तक्त्यांत मावत नाही. वास्तविक या शर्यतीच्या इतिहासातला एक महत्त्वाचा बदल त्या न मावलेल्या भागातच घडलेला आहे.

आरंभीचा विजयोत्सव धावपटूंचा नव्हताच. 1896 साली अथेन्समध्ये स्पिरिडॉन लुईस मैदानात शिरला, तेव्हा त्याच्या सोबतीने धावले ते ग्रीसचे दोन राजपुत्र. तो आनंद राष्ट्राचा होता, लुईस त्याचे निमित्त होता. 1908 साली लंडनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मैदानात पुनःपुन्हा कोसळला. पंचांनी त्याला उठवून शेवटच्या रेषेपार नेले, त्या मदतीमुळेच तो बाद ठरला आणि दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा हिने त्याला चषक दिला. दोन्ही प्रसंगांत धावपटूभोवती गर्दी आहे, परंतु त्या गर्दीत धावून आलेला दुसरा कोणी नाही.

1936 सालचे बर्लिन तर याहून उदास आहे. सुवर्णपदक मिळवणारा सोन की-चुंग आणि कांस्यपदक मिळवणारा नाम सुंग-योंग हे दोघेही कोरियन होते. पण कोरिया जपानच्या ताब्यात असल्यामुळे ध्वज फडकला तो जपानचा, आणि विजयमंचावर दोघेही मान खाली घालून उभे राहिले. एकाच मातीतले दोन धावपटू एकाच मंचावर असूनही त्यांना आनंद साजरा करणे अशक्य होते. परसत्तेच्या रंगात धावणाऱ्याचा विजय नेमका कोणाचा, हा प्रश्न तिथे उभा राहिला, आणि वीस वर्षांनी तो वेगळ्या रूपात परत आला.

तत्पूर्वी हेलसिंकी. मराठी वाचकाला 1952 सालची ही स्पर्धा खाशाबा जाधव यांच्या कांस्यपदकामुळे परिचित आहे. त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने 5,000 आणि 10,000 मीटरची सुवर्णपदके जिंकली आणि पूर्वी एकदाही न धावलेली मॅरेथॉनही 2 तास 23 मिनिटे 3 सेकंदांत जिंकली. त्यानंतर त्याला खांद्यावर घेऊन मैदानात मिरवले ते जमैकाच्या चार गुणिले चारशे मीटर रिलेच्या धावपटूंनी. त्याच दिवशी ते स्वतः विश्वविक्रमासह जिंकले होते. अथेन्सच्या राजपुत्रांची जागा आता धावपटूंनी घेतली होती. अडीच मिनिटांनी अर्जेंटिनाचा रेनाल्डो गोर्नो दुसरा आला, तेव्हा झाटोपेक त्याच्या स्वागताला पुढे झाला, असे सांगतात.

झाटोपेकच्या या विजयगाथेत आणखी एक नाव सतत येते, आणि ते नेहमी दुसऱ्या क्रमांकावर असते. आलँ मिमून अल्जेरियात, फ्रेंच वसाहतीत जन्मला. मूळ नाव अली मिमून. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यातून लढला. 1944 साली इटलीत मोन्ते कासिनो येथे त्याच्या पायाला अशी जखम झाली की पाय कापण्याची वेळ आली होती. तो पाय वाचला आणि त्याच पायावर त्याने ऑलिंपिकमध्ये तीन रौप्यपदके मिळवली : 1948 साली लंडनमध्ये एक आणि हेलसिंकीत दोन. तिन्ही वेळा पुढे झाटोपेकच होता. ‘झाटोपेकची सावली’ हे बिरुद त्याला कायमचे चिकटले. एखाद्याच्या मनात यातून वैर निपजले असते. येथे मैत्री निपजली.

1 डिसेंबर 1956. मेलबर्न. जग दुभंगलेले होते. हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी नुकताच चिरडला होता आणि त्याच्या निषेधार्थ स्पेन, नेदरलँड्स व स्वित्झर्लंड यांनी ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता. सुएझच्या प्रश्नावरून इजिप्त, इराक व लेबनॉन आले नव्हते. अल्जेरियात फ्रान्सविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध दोन वर्षे पेटलेले होते. अशा वेळी फ्रान्सच्या पोशाखात एक अल्जेरियन धावत होता, तर दुसरीकडे साम्यवादी चेकोस्लोव्हाकियाचा एक लष्करी अधिकारी, त्याच वर्षी झालेली हर्नियाची शस्त्रक्रिया अंगावर वागवत, धावत होता.

मिमूनची ही पहिलीच मॅरेथॉन होती. साधारण अर्ध्या अंतरानंतर तो एकटाच पुढे निघाला आणि 2 तास 25 मिनिटांत जिंकला. वय पस्तीस. यानंतर त्याने जे केले ते अपूर्व होते. तो मैदानाबाहेर गेला नाही, वाट पाहत थांबला. युगोस्लाव्हियाचा मिहालिच आला, फिनलंडचा कार्व्होनेन आला, मग एक कोरियन, मग एक जपानी. आणि साडेचार मिनिटांनी, सहाव्या क्रमांकावर, पार थकलेला झाटोपेक आला.

मिमूनने त्याला विचारले, माझे अभिनंदन नाही का करणार? मी जिंकलो. झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढली, ताठ उभे राहून लष्करी सलाम केला आणि त्याला मिठी मारली. ती मिठी आपल्याला पदकाहून मोलाची वाटली, असे मिमून पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

वारंवार सांगितलेल्या आठवणींना झिलई चढते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. तथापि या कथेचा गाभा मला शब्दांत नव्हे, थांबण्यात दिसतो. पदक मिळाले होते, फ्रान्सचा जयघोष मिळणार होता. तरीही मिमूनला विजय अपुरा वाटला, कारण त्याची किंमत नेमकी जाणणारा माणूस अजून रस्त्यावर होता. कोणत्या ध्वजाखाली धावलास, हा प्रश्न त्याला फ्रान्समध्ये आणि अल्जेरियात दोन्हीकडे वेगवेगळ्या अर्थाने विचारला जाणार होता. झाटोपेकने तो विचारला नाही. सोन की-चुंगला बर्लिनमध्ये जे लाभले नाही, ते मिमूनला एका प्रतिस्पर्ध्याकडून लाभले.

पुढे 1968 साली झाटोपेक प्राग वसंताच्या बाजूने उभा राहिला आणि त्यापायी पक्षातून व सैन्यातून काढला गेला. ज्या राज्यसत्तेने त्याचे विजय मिरवले, तिनेच त्याला कष्टाच्या कामाला धाडले. राष्ट्राने दिलेला मान राष्ट्र परत घेऊ शकते, एवढे यातून कळते. झाटोपेक 2000 साली गेला, मिमून 2013 साली. मेलबर्नचा सलाम मात्र कोणालाही परत घेता आलेला नाही.

आज सामान्य माणसेही मोठ्या संख्येने मॅरेथॉन धावतात. रेष ओलांडलेला माणूस लगेच घरी जात नाही. धापा टाकत, पाण्याची बाटली हातात घेऊन, तो मागे वळून रस्त्याकडे पाहत उभा राहतो. कोणीतरी यायचे असते. ती साडेचार मिनिटे त्याच्याही वाट्याला आलेली असतात.