धुऱ्याचं भांडण

निक्स आणि नेट्स यांचं वैर कधीपासूनचं, असं कुणी विचारलं तर मी सामन्याची तारीख सांगत नाही, एका इमारतीचा पत्ता सांगते. मॅनहॅटनच्या लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, २५ आणि २६व्या रस्त्यांच्या मध्ये, ६९व्या रेजिमेंटची आर्मरी आहे. पलटणीचं शस्त्रागार आणि आत कवायतीचा भलामोठा हॉल. १९४६ साली न्यूयॉर्क निक्स हा संघ निघाला तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्याच्या मालकांच्याच ताब्यात होतं. तरी सर्कस, मुष्टियुद्ध आणि कॉलेजांचे सामने यांतून उरतील तेवढ्याच रात्री त्याच्या वाट्याला यायच्या. सुरुवातीच्या वर्षांत घरचे बरेचसे सामने त्याने या आर्मरीत काढले.

पुढे १९६७ साली अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एबीए, ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली. ट्रक-वाहतुकीच्या धंद्यातल्या आर्थर ब्राउन यांनी तिच्यात न्यूयॉर्कचा संघ घेतला आणि खेळायला हीच आर्मरी ठरवली. निक्सकडून दबाव आला, आर्मरीने हात वर केले. जागा शोधत संघ हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत गेला आणि टीनेक गावच्या आर्मरीत उतरला. नाव पडलं न्यू जर्सी अमेरिकन्स. आजचे ब्रुकलिन नेट्स ते हेच.

मी मूळची नागपूरची. आमच्या विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून पेटलेलं भांडण तीन-तीन पिढ्या कोर्टात चालतं. यंदा पीक कुणाचं चांगलं आलं, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. कॉलेजपर्यंत मी बास्केटबॉल खेळले आणि नंतर नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. त्यामुळे असेल, या दोन संघांकडे बघताना माझं लक्ष गुणफलकापेक्षा खातेवहीकडे जास्त जातं. आणि खातेवही सांगते की हे भांडण पहिल्यापासून हद्दीचं आहे.

टीनेकचं पहिलं वर्ष संपलं ते हसावं की रडावं अशा प्रकाराने. अमेरिकन्स आणि केंटकी कर्नल्स यांची चौथ्या जागेसाठी बरोबरी झाली, निकाल एका सामन्यावर लागायचा होता. टीनेकची आर्मरी त्या दिवशी सर्कशीला दिलेली. मग सामना लाँग आयलंडवर कॉमॅक इथल्या रिंगणात हलवला. तिथे संघ पोचले तर जमिनीच्या फळ्या हलताहेत, मधले बोल्ट गायब. लीगचे आयुक्त जॉर्ज मायकन, स्वतः एके काळचे नावाजलेले खेळाडू, त्यांनी सामना केंटकीला बहाल केला. एक चेंडूही न टाकता अमेरिकन्सचा मोसम आटोपला. पुढच्या वर्षी हा संघ राहायला कुठे गेला? त्याच कॉमॅकच्या रिंगणात. तिथे नवं नाव मिळालं न्यूयॉर्क नेट्स. शहरात बेसबॉलचे मेट्स आणि फुटबॉलचे जेट्स होतेच, त्यांच्याशी यमक जुळलं.

तिकडे गार्डन १९६८ मध्ये पेन स्टेशनच्या डोक्यावर नव्या इमारतीत गेलं होतं आणि निक्सचे दिवस भरात होते. १९७० आणि १९७३ अशी दोन विजेतेपदं. पहिल्या वेळी शेवटच्या सामन्यात जखमी विलिस रीड लंगडत मैदानात आला, ती गोष्ट न्यूयॉर्कमधला कुणीही सत्तरीचा गृहस्थ तुम्हाला लिफ्टमध्येसुद्धा सांगेल. नेट्स तेव्हा लाँग आयलंडवर एका जागेतून दुसऱ्या जागेत बिऱ्हाड हलवत होते. पण १९७३ मध्ये त्यांना ज्युलियस अर्व्हिंग मिळाला. लाँग आयलंडच्याच रूझवेल्ट गावात वाढलेला हा पोरगा हवेत उडी घ्यायचा आणि खाली यायचं विसरायचा. लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूच्या त्या लीगमध्ये नेट्सनी १९७४ आणि १९७६ असं दोनदा अजिंक्यपद पटकावलं.

१९७६ च्या उन्हाळ्यात एबीए मोडली. तिचे चार संघ निक्सच्या लीगमध्ये, म्हणजे एनबीएत, घेतले गेले आणि प्रत्येकाला ३२ लाख डॉलर प्रवेशशुल्क पडलं. नेट्सना मात्र त्यावर आणखी ४८ लाख डॉलर भरायचे होते आणि ते लीगला नाही, थेट निक्सना. कारण काय, तर नेट्स निक्सच्या हद्दीत राहतात. हप्ता ठरला वर्षाला ४ लाख ८० हजार, दहा वर्षं. नेट्सचे मालक रॉय बो यांच्यासाठी हे नवं नव्हतं. त्यांचाच आइस हॉकीचा संघ, आयलंडर्स, १९७२ मध्ये निघाला तेव्हा गार्डनच्याच रेंजर्स संघाला त्यांना ४० लाख मोजावे लागले होते. आता दुसऱ्यांदा तोच शेजारी, तेच बिल.

बो यांच्याकडे एवढी रोकड नव्हती, आणि अर्व्हिंग पगारवाढ मागत होता. त्यांनी निक्सपुढे प्रस्ताव ठेवला: अर्व्हिंग घ्या, देणं माफ करा. निक्सनी नकार दिला. हिशेब तपासणाऱ्या माणसाला या नकारापुढे थांबावंच लागतं. बास्केटबॉलमधला बहुधा सर्वांत देखणा खेळ करणारा माणूस दारात उभा होता आणि त्यांनी हप्ते निवडले. अर्व्हिंग ३० लाख डॉलरला फिलाडेल्फियाला विकला गेला. त्याच्याविना नेट्स त्या वर्षी ८२ पैकी २२ सामने जिंकले, लीगमध्ये सगळ्यात कमी. अर्व्हिंग १९८३ मध्ये फिलाडेल्फियाकडून विजेता झाला. निक्सच्या हाती हप्ते आले, विजेतेपद नाही.

लाँग आयलंडवर भागेना म्हणून १९७७ मध्ये बो यांनी संघ पुन्हा न्यू जर्सीत आणायचं ठरवलं. निक्स म्हणाले, न्यू जर्सीसुद्धा आमच्या हद्दीत येते. प्रकरण कोर्टात गेलं, राज्य सरकार मध्ये पडलं आणि तडजोड झाली: आणखी ४० लाख. लाँग आयलंडवर राहण्याचे पैसे वेगळे, लाँग आयलंड सोडण्याचे वेगळे.

मी लग्न करून न्यू जर्सीत आले तेव्हा नेट्स पिस्कॅटवेला, रटगर्स विद्यापीठाच्या आठ-नऊ हजार खुर्च्यांच्या जिममध्ये खेळत होते. शेजारचं एडिसन तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. ओक ट्री रोडवर साड्यांची आणि सोन्याची दुकानं अजून यायची होती. परक्या देशात माझ्या ओळखीची वाटावी अशी एकच गोष्ट हाताशी होती, लाकडी जमिनीवर आपटणारा चेंडू. म्हणून मी नेट्सवाली झाले. १९८१ मध्ये संघ ईस्ट रदरफर्डच्या दलदलीत, मेडोलँड्सला, नव्या रिंगणात गेला. तिथे रेल्वे नव्हती. गाडी काढा, पार्किंगचे पैसे द्या आणि परतताना टर्नपाइकवर अडकून राहा. नोकरीसाठी मात्र मी रोज मेट्रोपार्कहून जी गाडी पकडायची ती थेट निक्सच्या पायाखाली, पेन स्टेशनात नेऊन सोडायची. न्यू जर्सीतल्या माणसाला स्वतःच्या संघापेक्षा शेजाऱ्याचा संघ गाठणं सोपं, हे या वैराचं भूगोलातलं कोडं आहे.

निक्सना गार्डनचा आणखी एक लाभ होता. संघ शहर सोडून जाऊ नयेत म्हणून राज्याने १९८२ मध्ये गार्डनला मालमत्ता कर माफ केला, मुदत न घालता. नेट्सना दोन्ही काठांवर राहण्याचे पैसे मोजावे लागले, निक्सना जागच्या जागी राहण्याबद्दल सूट मिळाली. ऑफिसातले निक्सवाले मला चिडवायचे तेव्हा मी हे ऐकवायचे. त्यांना कंटाळा यायचा.

मैदानावर दोघांची गाठ प्लेऑफमध्ये पडली ती तीनदाच. १९८३ मध्ये नेट्सचा मोसम उत्तम चालला असताना प्रशिक्षक लॅरी ब्राउन सहा सामने उरलेले असताना कॅन्सस विद्यापीठाकडे निघून गेले आणि निक्सनी २-० असा निकाल लावला. निक्सचा हुकमी खेळाडू होता बर्नार्ड किंग. ब्रुकलिनचा पोरगा, १९७७ मध्ये निवडला होता नेट्सनी. याउलट मायकल रे रिचर्डसनला निवडलं निक्सनी, पुढे तो खेळला नेट्सकडे. आणि मध्ये एकदा निक्सनी किंगला मिळवलं ते रिचर्डसनच देऊन, गोल्डन स्टेटकडून. १९८४ च्या नाताळच्या दिवशी गार्डनमध्ये किंगने नेट्सविरुद्ध ६० गुण केले. सामना नेट्सनी जिंकला, १२० विरुद्ध ११४. आजही त्या दिवसाची आठवण निघाली की फक्त साठाचा आकडा निघतो. सामना कुणी जिंकला, ते मला सांगावं लागतं.

१९९४ मध्ये निक्सनी ३-१ असं हरवलं. त्याआधीच्या जूनमध्ये नेट्सचा ड्राझेन पेत्रोविच जर्मनीत मोटार अपघातात गेला होता. तो असता तर, हे वाक्य आमच्याकडे कुणी पूर्ण करत नाही. मग जेसन किड आला आणि नेट्स २००२ व २००३ अशी सलग दोन वर्षं अंतिम फेरीत पोचले. २००४ मध्ये त्यांनी निक्सना ४-० असं धुतलं. पण तोवर ब्रूस रॅटनर या बिल्डरने संघ ३० कोटी डॉलरला घेऊन ब्रुकलिनला नेण्याचं जाहीर केलेलं होतं. ज्या वर्षी आम्ही शेजाऱ्याला झोपवलं, त्याच वर्षी आमचं घर विकायला निघालं. शिवाय मेडोलँड्सच्या स्टँडमध्ये त्या मालिकेतही निक्सचे निळे-नारिंगी शर्ट काही कमी नव्हते. त्यात आमचा मुलगाही होता. त्याला मी जेवायला घातलं, पण गाडीत पुढे बसू दिलं नाही.

ब्रुकलिनची निवड वरवर धंद्याची होती, खोलात जुनी जखम होती. १८९८ पर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं. बेसबॉलचे डॉजर्स ही त्याची शान. त्यांचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनी अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या चौकापाशी स्टेडियमसाठी जागा मागितली होती. शहराचे सर्वेसर्वा नियोजनकार रॉबर्ट मोझेस यांनी ती दिली नाही आणि १९५७ च्या मोसमानंतर डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले. रॅटनरनी त्याच चौकात रेल्वे यार्डाची जागा धरली. आजूबाजूची घरं सक्तीने संपादन करण्यावरून रहिवासी वर्षानुवर्षं कोर्टात लढले आणि २००९ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टात हरले. या काळात संघाकडे लक्ष कुणाचं होतं? २००९-१० मध्ये नेट्स पहिले अठरा सामने ओळीने हरले आणि मोसमअखेर १२ विजय, ७० पराभव.

मग रशियन धनाढ्य मिखाईल प्रोखोरोव मालक झाले. २०१० च्या उन्हाळ्यात त्यांनी गार्डनच्या जवळच एका इमारतीच्या भिंतीवर स्वतःचं आणि संघातला छोटा भागीदार, गायक जे-झी याचं भलंमोठं चित्र रंगवून घेतलं. पेन स्टेशनातून बाहेर पडताना मला ते दिसायचं. इतकी वर्षं हद्दीचे पैसे भरणारा माणूस आता घरमालकाच्या खिडकीसमोर उभा होता, हे बघून मला बरं वाटलं. हे चित्र काढताना आमची न्यू जर्सी मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती. नेट्स दोन मोसम नेवार्कला भाड्याने राहिले आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये निघून गेले. तिथला शेवटचा सामना हरले तो फिलाडेल्फियाकडून.

ब्रुकलिनच्या नव्या रिंगणात पहिलाच सामना १ नोव्हेंबर २०१२ रोजी निक्सशी ठरवला होता. सँडी वादळाने शहर बुडवलं आणि तो पुढे गेला. २६ नोव्हेंबरला तो झाला. नेट्स जादा वेळेत ९६-८९ असे जिंकले. वर्तमानपत्रांनी आता खरं वैर सुरू झालं असं लिहिलं. मला पटलं नाही. वैर रुजायला दोघांचे दिवस एकाच वेळी चांगले असावे लागतात आणि ते इथे क्वचितच घडलं. २०१९ च्या उन्हाळ्यात केविन ड्युरँट आणि कायरी अर्व्हिंग यांनी निक्सना डावलून नेट्स निवडले तेव्हा निक्स १७ विजयांवर होते. २०२३ च्या फेब्रुवारीत दोघेही नेट्स सोडून गेले आणि पारडं फिरलं.

आणि मग जून २०२४. नेट्सनी आपला मिकाल ब्रिजेस निक्सना दिला. या दोन शेजाऱ्यांमध्ये चाळीस वर्षांत खेळाडूंची देवघेव झाली नव्हती. मोबदल्यात निक्सनी नव्या खेळाडूंच्या पहिल्या फेरीतल्या निवडीचे पाच हक्क दिले. त्यांतले चार स्वतःचे, २०२५, २०२७, २०२९ आणि २०३१ चे. निक्सना सौदा लाभला, २०२५ मध्ये ते पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचले. त्यामुळे नेट्सचा पहिला हप्ता पार २६व्या क्रमांकावर घसरला. त्यातून बेन सराफ नावाचा इस्रायली तरुण आला.

ही व्यवस्था नीट समजून घ्यावी. निक्स जितके वाईट खेळतील तितका नेट्सचा हक्क वरच्या क्रमांकाचा. म्हणजे देणेकरी आता गार्डनमध्ये बसतो, आणि त्याची पत घसरली की वसुली वाढते. १९७६ चे हप्ते ठरले तेव्हा मी इथे नव्हते; हे मोजायला आहे. मुलगा म्हणतो, आई, संघ ब्रुकलिनला गेला, आता तरी सोड. पण २०३१ पर्यंतच्या या हक्कांच्या वर्षांत निक्स हरले तर मला होणारा आनंद हा नुसता मत्सर राहिलेला नाही. त्याला आता कागद आहे.