वेरूळची जैन लेणी : एक यात्रापरंपरा

चातुर्मास संपला की साधूंचा विहार सुरू होतो आणि श्रावकांच्या यात्रांनाही आरंभ होतो. पावसाने न्हालेला वेरूळचा डोंगर याच दिवसांत अधिक शोभिवंत दिसतो. मात्र कैलास लेणे पाहून अनेक प्रवासी परततात आणि उत्तरेकडील ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी पाहावयाची राहून जातात.

ही लेणी प्रामुख्याने इ. स. च्या ९ व्या व १० व्या शतकांतील होत. ३२ क्रमांकाचे दुमजली लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील गजारूढ मूर्ती इंद्राची समजली गेल्याने हे नाव रूढ झाले. वस्तुतः ती यक्षमूर्ती आहे. ओळख विसरली गेली की नावेही बदलतात, याचे हे उदाहरण होय. जवळच आम्रवृक्षाखाली सिंहारूढ अंबिका आहे. पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली यांची शिल्पे चित्त वेधून घेतात. छतावर प्राचीन चित्रांचे अवशेषही आहेत.

पुढील शतकांतही येथील श्रद्धा क्षीण झाली नाही. डोंगरावरील भव्य पार्श्वनाथमूर्ती चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने शके ११५६ मध्ये (इ. स. १२३४-३५) करविल्याचे तेथील शिलालेख सांगतो.

इ. स. १९८३ मध्ये वेरूळचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. लेण्यांच्या जतनाची जबाबदारी पुरातत्त्व खात्याकडे असली, तरी या मूर्तींची ओळख नव्या पिढीला करून देणे हे समाजाचेच कर्तव्य होय. मुलाबाळांसह केलेली एक डोळस यात्रा त्यासाठी पुरेशी आहे.