डोंगर शिकवणाऱ्यांची घडण

भारतात गिर्यारोहणाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते दार्जिलिंगमध्ये. 4 नोव्हेंबर 1954 रोजी तेथे ‘हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. त्याआधी या देशात डोंगराचे ज्ञान नव्हते असे नाही. ते भरपूर होते, पण ज्यांच्याकडे होते त्यांना कोणी शिक्षक मानत नव्हते.

1921 साली एव्हरेस्टची पहिली ब्रिटिश पाहणी मोहीम दार्जिलिंगहून निघाली आणि पुढची कित्येक वर्षे हे गाव मोहिमांसाठी माणसे मिळण्याचे ठिकाण राहिले. नेपाळमधील सोलुखुंबूतून आलेले शेर्पा तेथे मजुरीच्या शोधात येत आणि ओझी वाहता वाहता बर्फ, हवा, उंची यांचा स्वभाव ओळखू लागत. 1928 मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने शेर्पांच्या कामाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि उंचावर उत्तम काम करणाऱ्यांना ‘टायगर’ बिल्ला देण्याची प्रथा पाडली. अनुभवाला मिळालेली ती पहिली लेखी मान्यता म्हणावी लागेल. मात्र मान्यता मिळाली तरी दर्जा हमालाचाच राहिला. दोर कुठे लावायचा, कड्याच्या कोणत्या बाजूने जायचे हे साहेब ठरवत.

दुसरा प्रवाह डेहराडूनच्या डून स्कूलमधून आला. जॅक गिब्सन, जॉन मार्टिन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ हे तेथील इंग्रज शिक्षक सुट्ट्यांत विद्यार्थ्यांना गढवालच्या डोंगरांत नेत. डोंगर हे मुलांच्या शिक्षणाचे साधन आहे, ही त्यांची श्रद्धा होती. 1946 मध्ये गिब्सन यांनी बंदरपूंछ शिखराचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्याबरोबर तेनसिंग नोर्गे होते आणि शाळेचा माजी विद्यार्थी नरेंद्र धर जयाल हा तरुण लष्करी अधिकारीही होता. याच शाळेत शिकवणारे गुरदयाल सिंग 1951 मध्ये त्रिशूल शिखरावर पोचले. ओझ्याखाली तयार झालेले शेर्पांचे ज्ञान आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांना मिळालेली शिक्षणाची दृष्टी हे दोन प्रवाह 1954 मध्ये एका संस्थेत एकत्र आले.

त्याला निमित्त झाले एव्हरेस्टचे. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि एडमंड हिलरी शिखरावर पोचले. दार्जिलिंगला राहणारा शेर्पा एका रात्रीत देशाचा नायक झाला. पंतप्रधान नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी त्या उत्साहाला संस्थेचे रूप दिले. तेनसिंग यांना क्षेत्र प्रशिक्षणाचे संचालक नेमले आणि मेजर जयाल पहिले प्राचार्य झाले. सुरुवातीचे वर्ग ‘रॉय व्हिला’ या बंगल्यात भरत. भगिनी निवेदिता यांचे 1911 मध्ये निधन झाले तोच हा बंगला. पुढे बर्च हिल परिसरातील जवाहर पर्वतावर संस्थेला स्वतःची वास्तू मिळाली.

संस्थेच्या जन्माइतकीच महत्त्वाची, पण फारशी सांगितली न जाणारी एक गोष्ट त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये घडली. आर्नोल्ड ग्लाटहार्ड हे स्विस मार्गदर्शक रोझेनलाउई येथे गिर्यारोहणाची शाळा चालवत. तेनसिंग आणि निवडक शेर्पा 1954 मध्ये त्यांच्याकडे शिकायला गेले. अन्नपूर्णेच्या 1950 च्या फ्रेंच मोहिमेचे सरदार आंग थारके, एव्हरेस्टच्या 1953 च्या मोहिमेतले दा नामग्याल आणि तेनसिंग यांचे भाचे नवांग गोम्बू त्यांत होते. डोंगरात आयुष्य घातलेल्या या माणसांना चढायला शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना हवी होती ती चढण्याची क्रिया सुटी करून दुसऱ्यापुढे मांडण्याची रीत: गाठ कोणत्या क्रमाने दाखवायची, नवख्याचा पाय कुठे चुकतो, खाली उतरणाऱ्याचा दोर कसा सांभाळायचा. हातापायांत मुरलेली कला शब्दांत आणि पायऱ्यांत बसवणे हे फार अवघड काम आहे. ते या शेर्पांनी केले, आणि भारतातल्या साहस-शिक्षणाचा खरा पाया तोच आहे.

दार्जिलिंगच्या संस्थेतील बेसिक अभ्यासक्रमाचा साचा तेव्हापासून मुळात बदललेला नाही. तो साधारण चार आठवड्यांचा असतो. पहिले काही दिवस दार्जिलिंगमध्ये ‘तेनसिंग रॉक’ आणि ‘गोम्बू रॉक’ या कातळांवर प्रस्तरारोहण, दोराच्या गाठी, रॅपलिंग, नकाशावाचन आणि प्रथमोपचार यांत जातात. मग पश्चिम सिक्कीममधील युक्सोमहून जोंगरीमार्गे चौरीखांगच्या तळापर्यंत पाठीवर ओझे घेऊन चाल आणि हिमनदीवर बर्फातले धडे. शेवटी श्रेणी दिली जाते. ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स अभ्यासक्रमाला प्रवेश, त्यानंतर ‘सर्च अँड रेस्क्यू’ आणि ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’. शेवटच्या अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थीला चढून दाखवण्यावर सुटका नाही. त्याला इतरांना धडा द्यावा लागतो आणि तो धडा तपासला जातो. उत्तम चढणारा उत्तम शिकवेलच असे नाही, हे या संस्थेने लवकर ओळखले.

जयाल यांचा 1958 च्या चो ओयू मोहिमेत मृत्यू झाला. पहिल्याच प्राचार्याला डोंगराने नेले, तरी संस्था डगमगली नाही. त्यांच्या जागी आलेले ब्रिगेडियर ग्यान सिंग यांनी 1960 च्या पहिल्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व केले. 1965 मध्ये एम. एस. कोहली यांच्या मोहिमेतील नऊ जण एव्हरेस्टवर पोचले. त्यांत गोम्बू होते. 1963 च्या अमेरिकन मोहिमेनंतरची त्यांची ती दुसरी वेळ, आणि एव्हरेस्टवर दोनदा पोचलेले ते जगातले पहिले गिर्यारोहक ठरले.

1962 च्या युद्धाने हिमालयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सीमेवर उंचावर वावरू शकणारी माणसे ही देशाची गरज झाली. मनालीची गिर्यारोहण संस्था 1961 मध्येच निघाली होती. 14 नोव्हेंबर 1965 रोजी उत्तरकाशीला ‘नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग’ उभी राहिली आणि तिचे पहिले प्राचार्य ग्यान सिंगच झाले. पुढे काश्मीरमध्ये आणि अरुणाचलातील दिरांग येथेही संस्था आल्या. संरक्षण मंत्रालय आणि राज्य सरकार यांचा संयुक्त कारभार आणि लष्करी अधिकारी प्राचार्य, ही घडी बहुतेक ठिकाणी बसली. त्यामुळे शुल्क सामान्य घरातल्या मुलांना परवडेल इतके राहिले आणि शिस्तीचे वळणही कायमचे पडले. उत्तरकाशीच्या संस्थेत शिकलेल्या बचेंद्री पाल 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोचल्या, तेव्हा या शिक्षणाने गढवालच्या खेड्यातील मुलीला काय देऊ केले ते देशाला दिसले.

4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा-2 शिखरावर याच संस्थेचा अ‍ॅडव्हान्स वर्ग हिमप्रपातात सापडला आणि दोन डझनांहून अधिक जण गेले. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. शिकवणाऱ्याचा धोका शिकणाऱ्याहून तसूभरही कमी नसतो, आणि तो त्याला प्रत्येक तुकडीबरोबर पुन्हा पत्करावा लागतो.

मुंबई-पुण्याच्या तरुणांनी या संस्थांशी आरंभापासून नाते जोडले. मुंबईचा ‘गिरिविहार’ क्लब 1954 चाच. पुढे हिमालयन क्लबचे मुख्य कार्यालयही मुंबईत आले आणि ‘हिमालयन जर्नल’चे संपादन सोली मेहता, हरीश कपाडिया यांनी येथून केले. दार्जिलिंग, उत्तरकाशी किंवा मनालीला बेसिक-अ‍ॅडव्हान्स करून आलेली मुले सुट्टीच्या दिवशी मुंब्र्याच्या कातळांवर आणि सह्याद्रीच्या कड्यांवर क्लबातल्या नवख्यांना तेच धडे देत. हे सारे विनामूल्य आणि हौसेपोटी चाले. सह्याद्रीतले प्रस्तरारोहण त्या हौसेवरच वाढले, पण तिच्यातून कोणाचे घर चालले नाही.

व्यवसायाचा प्रश्न उभा राहिला तो पैसे देऊन ट्रेकला येणाऱ्यांची गर्दी वाढल्यावर. दोर हाती धरणाऱ्याकडे कोणते प्रमाणपत्र आहे, हे विचारण्याची वेळ आली. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि अशा उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. पुण्यात ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या गिर्यारोहण प्रशिक्षण संस्थेने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने या विषयाची पदविका सुरू केली. हिमालयातल्या संस्था महिनाभराचे निवासी शिक्षण देतात. विद्यापीठाच्या पदविकेत हाच विषय इतर विद्याशाखांप्रमाणे वर्गात बसून आणि परीक्षा देऊनही शिकायचा असतो.