एसटीचा थांबा आणि बाटलीवरची किंमत



वडशाहून नागपूरची एसटी धरली की ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड अशी गावं लागतात. मध्येच कुठं गाडी थांबते, वाहक सांगतो, "दहा मिनिटं!" लेकरू पाणी मागतं. बाटलीवर वीस छापलेलं, दुकानदार मागतो पंचवीस. "थंड आहे बाई, फ्रिजचे पैसे लागतात." तिकडं हॉर्न वाजतो, आपण पंचवीस देतो आणि पळतो. आज या वरच्या पाच रुपयांबद्दल बोलायचं आहे. त्यांचा इतिहास बराच जुना आहे.

रस्त्यावर मोटारी आल्या तेव्हा त्या खाजगी मालकांच्या होत्या. भरली की निघायची, भाडं मालक म्हणेल ते. १९३९च्या मोटार वाहन कायद्यानं परवाने, ठरलेले थांबे आणि ठरलेलं भाडं अशी शिस्त लागायला सुरुवात झाली. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली गाडी धावली. आपण मात्र तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतो. आपला मुलूख चांदा जिल्ह्यात आणि चांदा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात. इकडं प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसच्या मोटारी होत्या. १९५६मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि ती सेवा एसटीत मिसळली. गडचिरोली जिल्हा तर फार नंतरचा, २६ ऑगस्ट १९८२चा.

एसटीनं एक मोठं काम केलं. भाडं कागदावर आलं. वाहकानं जास्त घेतलं तर तिकीटच साक्ष देतं. सुटे नसले तर तिकिटामागं 'बाकी ३ रु.' असं लिहून देतात, तेही त्याच कागदाच्या जोरावर. पण थांब्यावरच्या चहाला तिकीट नव्हतं. गाडीत सरकारचा दर आणि गाडीतून पाय खाली ठेवला की दुकानदाराचा दर, अशी विभागणी तेव्हापासूनच झाली.

त्यात १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचं नाणं तर नव्हतंच. मग आण्याचा चहा सहा पैशांना द्यायचा की सात? सरकारनं हिशेबाचे तक्ते काढले होते, पण गाडी सुटायच्या घाईत तक्ता कोण वाचतो!

पाण्याचं मात्र वेगळं होतं. पाणी विकायची वस्तू नव्हतीच. उन्हाळा लागला की पाणपोई लागायची, रांजणाला ओलं फडकं गुंडाळलेलं, वर डोणा. वडशाच्या स्टेशनावर उतरणारा माणूस नळाचंच पाणी प्यायचा. बाटलीचं पाणी मुंबईत साठच्या दशकात आलं, पण आपल्या गावांच्या थांब्यांवर ते दिसायला नव्वदचं दशक उलटावं लागलं. तहानेला किंमत लागली ती तेव्हापासून.

आता छापील किमतीचं. पाकिटावर किंमत छापायचा नियम १९७७चा. त्यात एक पळवाट होती. 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिता यायचं. कर किती, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? दुकानदार सांगेल तो कर. १९९०मध्ये ती वाट बंद झाली आणि 'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' छापणं सक्तीचं झालं. आपण जिला एमआरपी म्हणतो ती हीच.

हे आपोआप झालं असं समजू नका. १९७२च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा आला. गिऱ्हाईक म्हणून आपली जी काही पत आहे, ती या माणसांनी मिळवलेली आहे.

मग थांब्यावर कायदा पोचत का नाही? आठवडी बाजारातला दुकानदार तुम्हाला पुढच्या आठवड्यात पुन्हा तोंड दाखवणार असतो. त्याला तुमची गरज आहे. थांब्यावरच्या माणसाला ठाऊक असतं, ही बाई दहा मिनिटांत जाणार, परत कधी दिसायची नाही. शिवाय गाडी कुठं थांबायची ते आपण ठरवत नाही. चालक-वाहकांना जिथं फुकट जेवण मिळतं तिथं गाड्या थांबतात, हे कुणापासून लपलेलं नाही. ते जेवण शेवटी आपल्याच ताटातून वसूल होतं. दुकानदाराचीही बाजू आहे, जागेचं भाडं आणि वीज त्याला चुकत नाही. पण छापील किमतीत त्याचा नफा आधीच धरलेला असतो.

एसटीनं काही उपाय केले. २०१६पासून अधिकृत हॉटेलांवर एसटीचं तिकीट दाखवलं की तीस रुपयांत चहा-नाश्ता द्यायची योजना आली. बहुतेक बायांना ती माहीतच नाही, आणि हॉटेलवाला स्वतःहून कशाला सांगेल? पुढं 'नाथजल' आलं, लिटरची बाटली पंधरा रुपयांना. तीही वीसला विकल्याच्या तक्रारी झाल्या. १७ मार्च २०२३पासून आपलं तिकीट अर्धं झालं. माहेरी जाणं, दवाखान्यात जाणं सोपं झालं, बाया एकट्या प्रवास करू लागल्या. म्हणून तर थांब्यावरचा हिशेब आता आपल्याच पदराशी आला आहे.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की हॉटेलात बसवून, वाढून पाणी दिलं तर हॉटेलवाला छापील किमतीहून जास्त घेऊ शकतो, कारण तिथं सेवाही आहे. काही ढाबेवाले हेच पुढं करतात. पण खिडकीतून, ठेल्यावरून, काउंटरवरून बाटली हातात घेऊन निघालात, तर तिथं सेवा कसली? तिथं छापील किंमतच. थंड करण्याचे वेगळे पैसेही नाहीत. पोहे, भजी, चहा यांवर मात्र किंमत छापलेली नसते, म्हणून खाण्याआधी दरफलक बघायचा, नसेल तर दर विचारून घ्यायचा.

जास्त घेतलेच तर भांडत बसायला वेळ नसतो, ते खरं. बिल मागा. देत नसेल तर बाटलीवरच्या किमतीचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. गाडीत बसल्यावर वाहकाकडं तक्रार पुस्तक मागा, ते त्याच्याकडं असतं. घरी पोचल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, किंवा जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात अर्ज द्या. वजनकाटे तपासणारं ते हेच खातं, छापील किमतीपेक्षा जास्त घेणाऱ्याला दंडही तेच करतं. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. बचत गटाच्या बैठकीत चारजणींनी मिळून लिहिला तर आणखी बरं, कारण एकाच थांब्याच्या चार तक्रारी आल्या की साहेबाला तिथं जावंच लागतं.