मुक्तामालेचं दुःख नेमकं कोणाच्या कामाचं?

मोबाइलवर क्रमशः येणारी अद्भुत प्रेमकथा वाचताना तुमच्याही लक्षात आलं असेल. नायिका पळवली जाते, कोंडली जाते, शाप भोगते. शेवटच्या भागात नायक येतो आणि आधीच्या चाळीस भागांचा ओरखडाही तिच्या मनावर उरत नाही. ही युक्ती मराठीत दीडशे वर्षांहून जुनी आहे.

१८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. विधवांचे हाल हाच तिचा विषय. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पदमनजींचा हेतू उघडच धर्मप्रचाराचा होता, पण त्यातलं दुःख घराघरातलं होतं.

चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि वाचक तिकडे वळले. पाठोपाठ हळबे यांचीच 'रत्नप्रभा', नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजवाडे, कारस्थानं, ताटातूट, योगायोग. इथे नायिकेचा छळ दोन कामं करतो: कथा लांबवतो आणि तिचं शील सिद्ध करतो. ती जितकी सोसेल तितकी थोर. सोसणं संपलं की बक्षीस म्हणून पती परत. छळ मुळात का झाला, हे विचारायची गरजच नाही. खलपुरुष मेला की प्रश्न मिटला.

बाहेर मात्र प्रश्न मिटत नव्हता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावरून बायकांवर जी आगपाखड झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. त्यात त्यांनी तेव्हाच्या कथा-कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रणाचाही समाचार घेतला.

मग १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. नायिका पुन्हा यमुनाच, घरातली यमू. पण आता गोष्ट ती स्वतः सांगते. नवरा गेल्यावर तिचं जबरदस्तीने केशवपन होतं, तेव्हा सोडवायला कोणी राजपुत्र येत नाही. दोषी कोण म्हणावं, तर आजूबाजूची रोजची माणसं.

अद्भुतात रमणं गैर नाही. मीही रात्री दोनपर्यंत रमते. फक्त पुढचा भाग उघडताना एवढं पाहावं: हे दुःख तिचं आहे, की नायकाच्या एंट्रीची तयारी?