‘गॉन्टलेट’ फेकणे म्हणजे काय?

इंग्रजी वृत्तपत्रांत, विशेषतः राजकारण आणि क्रीडेच्या पानांवर, ‘थ्रो डाऊन द गॉन्टलेट’ हा वाक्प्रचार वारंवार वाचावयास मिळतो. प्रतिस्पर्ध्याला उघड आव्हान देणे, हा त्याचा अर्थ. ते आव्हान स्वीकारणे म्हणजे ‘टेक अप द गॉन्टलेट’.

‘गॉन्टलेट’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचा अर्थ हातमोजा. मध्ययुगीन युरोपातील योद्ध्यांच्या चिलखताचा तो एक भाग असे. द्वंद्वाचे आव्हान देणारा आपला मोजा समोर टाकी आणि प्रतिपक्षाने तो उचलला की द्वंद्व ठरे. इंग्लंडमध्ये राज्याभिषेकानंतरच्या मेजवानीत राजाचा योद्धा घोड्यावरून येऊन राजाचा हक्क नाकारणाऱ्याला असेच आव्हान देत असे. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वेळी हा विधी अखेरचा झाला.

हा मोजा एकदा चक्क न्यायालयात पडला होता. मे १८१७ मध्ये बर्मिंगहॅमजवळील अर्डिंग्टन येथे मेरी अ‍ॅशफर्ड या तरुणीचा मृतदेह पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सापडला. अब्राहम थॉर्न्टन याच्यावर खटला चालला. मात्र ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. मेरीचा भाऊ विल्यम याने एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन त्याला पुन्हा न्यायालयात खेचले. पण त्याच जुन्या कायद्याने आरोपीला द्वंद्वाने निर्दोषत्व सिद्ध करण्याची मुभा दिली होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये थॉर्न्टनने लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात मोजा खाली टाकला. विल्यमने तो उचलला नाही. त्याच्या वकिलांनी आरोपीच्या या हक्कालाच हरकत घेतली. एप्रिल १८१८ मध्ये न्यायाधीशांनी थॉर्न्टनचा हक्क मान्य केला. विल्यम द्वंद्वास उभा राहिला नाही आणि थॉर्न्टन सुटला. बहिणीसाठी न्याय मागणाऱ्या भावापुढे कायद्याने शरीरबळाची परीक्षा ठेवली होती! १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून ही तरतूद रद्द केली.

या वाक्प्रचाराशी ‘रन द गॉन्टलेट’ची गल्लत करू नये. तो मूळ स्वीडिश शब्दावरून आला आहे. अपराधी सैनिकाला दोन रांगांमधून पळावयास लावून दोन्ही बाजूंनी फटके मारण्याच्या शिक्षेचे ते नाव. इंग्रजांच्या जिभेवर ते ‘गॅन्टलोप’ झाले आणि पुढे ‘गॉन्टलेट’मध्ये मिसळून गेले. म्हणून पत्रकारांच्या प्रश्नांच्या भडिमारातून वाट काढणारा मंत्री हा दुसरा वाक्प्रचार जगतो, पहिला नव्हे.

मराठीत याचे भाषांतर करताना ‘विडा उचलणे’ हा शब्दप्रयोग चटकन सुचतो. पण विडा दरबारात आपल्याच माणसांपुढे ठेवला जातो आणि उचलणारा कामगिरी पत्करतो. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात शिवाजी महाराजांविरुद्ध विडा उचलल्याची कथा सर्वपरिचित आहे. मोजा मात्र थेट प्रतिस्पर्ध्यापुढे टाकला जातो. त्यामुळे आखाड्यातून आलेले ‘शड्डू ठोकणे’ किंवा ‘दंड थोपटणे’ हेच प्रतिशब्द अधिक जवळचे ठरतात.

वापरताना एक पथ्य पाळावे. केवळ टीका किंवा नाराजी व्यक्त करणे म्हणजे ‘गॉन्टलेट’ फेकणे नव्हे. समोर प्रतिस्पर्धी हवा, आव्हान जाहीर हवे आणि ते स्वीकारण्याची वा नाकारण्याची वेळ त्याच्यावर आलेली हवी.