पिट्सबर्गचे धूरनियंत्रण

अ. सं. सं.च्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या पोलादनगरीत १९४१ नंतरच्या दोन दशकांत राबविण्यात आलेली हवाशुद्धीची व नगरपुनर्रचनेची मोहीम. उद्योगांची वाढ, कुशल मनुष्यबळाची गरज व स्वच्छ परिसर यांचा परस्परसंबंध उद्योगपतींनी व नगरशासनाने एकत्रितपणे ओळखल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

ॲलेगेनी व मनाँगहीला या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या शहराच्या भोवती बिट्युमेनी कोळशाचे विपुल साठे असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पोलाद उद्योग भरभराटीस आला. हा कोळसा स्वस्त, परंतु जळताना दाट धूर सोडणारा. कारखाने, आगगाड्या व घरोघरच्या शेगड्या यांच्या धुरामुळे कित्येकदा भर दुपारी रस्त्यांवरील दिवे लावावे लागत. धूर म्हणजे रोजगार, ही धारणा मालक व कामगार या दोघांतही रुजलेली असल्याने पूर्वीचे धूरविरोधी नियम बव्हंशी कागदावरच राहिले.

सेंट लुइस शहराच्या धर्तीवर १९४१ मध्ये कायदा करण्यात आला. त्यानुसार धूररहित इंधन किंवा यांत्रिक रीत्या कोळसा भरणारी उपकरणे वापरणे बंधनकारक झाले. तथापि महायुद्धामुळे अंमलबजावणी लांबली. ती कारखान्यांबाबत १९४६ मध्ये व घरांबाबत १९४७ मध्ये सुरू झाली. रिपब्लिकन पक्षाचे बँकव्यवसायी रिचर्ड किंग मेलन व डेमोक्रॅटिक पक्षाचे महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी पक्षभेद बाजूला सारून मोहिमेस बळ दिले. मेलन यांची भूमिका निव्वळ परोपकाराची नव्हती. वरिष्ठ व्यवस्थापक व तंत्रज्ञ या काळवंडलेल्या शहरात राहण्यास नाखूष होते आणि काही मोठ्या कंपन्या मुख्यालये हलविण्याच्या विचारात होत्या. धूर महाग पडतो, हे ताळेबंदावरून पटल्यावरच शहर हलले.

हवा थोड्याच वर्षांत स्पष्टपणे निवळली. त्याचे सर्व श्रेय मात्र कायद्याला देता येत नाही. नळमार्गांनी आलेला नैसर्गिक वायू व डीझेल एंजिने यांचाही त्यात मोठा वाटा होता. महागड्या इंधनाचा भार गरीब कुटुंबांवर अधिक पडला. पुनर्रचनेसाठी लोअर हिल ही वस्ती पाडण्यात आली, तेव्हा सुमारे ८,००० रहिवासी विस्थापित झाले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. त्या जागी १९६१ मध्ये भव्य क्रीडागृह उभे राहिले.

शिवाय कायद्याचा रोख डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर होता, अदृश्य वायूंवर नव्हता. मनाँगहीलाच्या काठी, शहराच्या दक्षिणेस असलेल्या डोनोरा येथे ऑक्टोबर १९४८ मध्ये जस्त व पोलाद कारखान्यांतील वायूंमुळे साचलेल्या विषारी धुरक्याने २० जण दगावले.

पोलाद उद्योग १९८० च्या दशकात कोसळला. शहराची लोकसंख्या १९५० मधील ६,७६,८०६ वरून २०२० मध्ये ३,०२,९७१ वर आली. त्यानंतर विद्यापीठे, रुग्णालये व संगणकविज्ञान यांनी शहरास नवा आधार दिला. यंत्रमानवविषयक संशोधनसंस्था कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७९ मध्येच स्थापन झाली होती. संशोधकांना आकर्षित करणारे निरभ्र शहर अशा प्रकारे साकारले, परंतु पोलादावर जगणारे अनेकजण तोवर ते सोडून गेले होते. नदीकाठी क्लेअर्टन येथील कोक भट्ट्या मात्र चालूच राहिल्या. तेथे ११ ऑगस्ट २०२५ रोजी झालेल्या स्फोटात दोन कामगार मृत्युमुखी पडले.